संघ कोणाचा?

श्रावस्तीच्या जेतवनात भद्दालि नावाच्या एका भिक्षूने भगवान बुद्धांना एक प्रश्न विचारला होता. मज्झिम निकायात तो संवाद आला आहे. पूर्वी नियम थोडे होते आणि ज्ञानात स्थिर झालेले भिक्षू पुष्कळ होते. आता नियम पुष्कळ झाले आणि तसे भिक्षू थोडे राहिले, याचे कारण काय, असा त्या प्रश्नाचा आशय. विचारणारा काही आदर्श भिक्षू नव्हता. दिवसातून एकदाच जेवावे हा नियम त्याला जाचक वाटला होता, आणि त्या रागात वर्षावासाचे तीन महिने तो शास्त्यांच्या दृष्टीसही पडला नव्हता. परंतु नियमाचा भार ज्याला सोसत नाही अशा मनुष्यालाच कधी कधी नियमाविषयीचा खरा प्रश्न सुचतो.

त्याला मिळालेले उत्तर असे की, दोष प्रकट होण्यापूर्वी शास्ता नियम करीत नाही. आणि दोष प्रकट होण्याचे प्रसंग पाच आहेत. संघ मोठा झाला म्हणजे, त्याला लाभ होऊ लागला म्हणजे, कीर्ती आली म्हणजे, विद्वत्ता वाढली म्हणजे, आणि तो जुना झाला म्हणजे. या पाचांपैकी एकही गोष्ट स्वभावतः वाईट नाही. किंबहुना लोकहिताचे काही काम आरंभणारा प्रत्येक मनुष्य याच पाच गोष्टींची मनोमन प्रार्थना करीत असतो. पुष्कळ लोक यावेत, काही द्रव्य जमावे, नाव व्हावे, जाणती माणसे लाभावीत आणि आपल्यामागे काम टिकावे, याहून अधिक कोणी काय इच्छील? मग ती प्रार्थना फळाला आली असता त्याच फळात कीड का पडते? दोष कोठे शोधावा? वाढीत, नव्याने आलेल्यांत, की आधीपासून असलेल्यांत?

हा प्रश्न मठांचा आणि विहारांचाच राहिलेला नाही. आज इंटरनेटच्या जगड्व्याळ जाळ्यावर असंख्य समुदाय नांदत आहेत. गृहस्थाच्या घरातील मुलगा, सून, सेवानिवृत्त झालेले वडील असे सगळेच अशा कोणत्या ना कोणत्या समुदायाचे सभासद असतात. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशी माणसे तेथे एकत्र येऊन विद्येची, छंदाची, व्याधीवरील उपचारांची, क्वचित भगवद्भक्तीचीही चर्चा करतात. या समुदायांचे आयुष्य मोठे वेगवान असते. विहाराला ज्या अवस्थेला पोचण्यास शतक लागले, ती अवस्था येथे दहा वर्षांत येते. म्हणून भद्दालीच्या प्रश्नाचा विचार करण्यास आज जितकी सोय आहे तितकी पूर्वी कधीच नव्हती.

अशा समुदायांपैकी अगदी आरंभीचा एक म्हणजे यूजनेट. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये त्याची कल्पना काढली आणि १९८० मध्ये ती अंमलात आली. विषयवार गट असत. एखाद्याने लिहिलेला मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर असा फिरत जाई आणि ठिकठिकाणचे लोक त्याला उत्तरे देत. सभासद बहुतेक विद्यापीठांतील किंवा संशोधनसंस्थांतील. तिकडे विद्यापीठाचे वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे दर सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांची एक लाट येई. रीतभात ठाऊक नसल्याने ती मुले नको तेथे नको ते विचारीत, शंभर वेळा विचारून झालेले पुन्हा विचारीत. जुने लोक थोडे चिडत, थोडे शिकवीत, आणि काही आठवड्यांत मुले रुळत. परंतु १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या सामान्य ग्राहकांसाठी हे दार उघडले. अमेरिका ऑनलाइन ही त्यांतील एक प्रमुख कंपनी. आता लाट वर्षातून एकदा येईना, ती रोज येऊ लागली. जुन्या सभासदांनी १९९३ च्या त्या महिन्याला 'कधीही न संपणारा सप्टेंबर' असे नाव ठेवले आणि ते रूढ झाले.

या नावात विनोद आहे, तसा थोडा अहंकारही आहे. ही कथा सांगणारे सर्व जुने लोक होते; त्या सप्टेंबरात पहिल्यांदाच दार ओलांडून आलेल्या मनुष्याला आत कसे वाटले, हे त्या नावात कोठेच नाही. नवी माणसे मूर्ख होती म्हणून समुदाय बिघडला, असे जुन्यांनी म्हटले. पण दर सप्टेंबरात येणारी मुलेही तितकीच अजाण होती, आणि त्यांच्याने समुदाय बिघडला नव्हता. मनुष्ये बदलली नव्हती; शिकविणारे आणि शिकणारे यांचे प्रमाण बदलले होते.

गृहस्थाला हे उमजण्यास दूर जावे लागत नाही. घरात नवी सून येते तेव्हा देवघरातील निरांजन कोठे ठेवावयाचे, मामंजींना दूध कितपत गरम लागते, कोणत्या तिथीला कोणता पदार्थ होत नाही, हे तिला कोणी लिहून देत नाही. ती पाहून शिकते. कारण पाहण्याजोगी माणसे तिच्याभोवती चार-सहा असतात आणि ती एकटी असते. चुकली तर सासू हळूच सांगते, थोरली जाऊ पाठीशी घालते. परंतु त्याच घरात एकाच महिन्यात बारा सुना आल्या अशी कल्पना करावी. शिकविणारी एक आणि शिकणाऱ्या बारा; मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाटी लागल्यावाचून राहणार नाही. पाटीवर लिहिलेले सगळे खरेच असते. पण पाटी कारण सांगत नाही, पाटीला शंका विचारता येत नाही, आणि चुकून रडू आलेच तर पाटी पाठीवरून हात फिरवीत नाही.

येथे शब्दांकडे थोडे पाहण्यासारखे आहे. बौद्धांनी आपल्या संघाच्या आचारसंहितेला विनय असे नाव दिले. त्यात 'नी' हा धातू आहे, त्याचा अर्थ नेणे. नियम या शब्दात 'यम्' हा धातू आहे, त्याचा अर्थ आवरणे. एकात मनुष्याला धरून पुढे नेले जाते, दुसऱ्यात त्याला रोखले जाते. व्यवहारात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात आणि भाषांतर करणाऱ्यालाही पुष्कळदा दोहोंसाठी एकच शब्द लिहून पुढे जावे लागते. तेव्हा व्युत्पत्तीच्या काडीवर फार मोठा डोलारा उभारू नये हे खरे. तथापि वाढत्या समुदायात काय घडते ते सांगावयास याहून सोयीचे शब्द मिळणार नाहीत. समुदाय लहान असतो तोवर विनय चालतो. तो मोठा झाला की विनयाला लागणारी माणसे आणि वेळ पुरत नाहीत, आणि त्याच्या जागी नियम येऊन बसतो.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे विकिपीडिया हा ज्ञानकोश. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू केला. त्यापूर्वी त्यांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश काढला होता. त्यात तज्ज्ञांनी अनेक पायऱ्यांनी तपासल्यावाचून लेख स्वीकारला जात नसे, आणि ते काम बंद पडेपर्यंत जेमतेम पंचवीस-एक लेख पूर्ण झाले होते. विकिपीडियाने उलट वाट धरली. कोणीही यावे, कोणीही लिहावे, चुकले तर दुसरा दुरुस्त करील. आरंभीच्या दिवसांत सँगर यांनी असाही एक नियम सुचविला होता की, नियमांची भीती आड येत असेल तर ते बाजूस ठेवून काम करावे. ज्या समुदायाचा पहिला नियम नियम विसरा असा होता, त्याचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

इंग्रजी विकिपीडियाने मार्च २००६ मध्ये दहा लाख लेखांचा टप्पा गाठला. तोवर कीर्ती आली होती, आणि कीर्तीबरोबर दोषही आला होता. २००५ मध्ये जॉन सीगेंथेलर या वृद्ध अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणी अनामिकाने असे घुसडले की, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा एकदा संशय होता. सीगेंथेलर हे रॉबर्ट केनेडी यांच्याबरोबर काम केलेले गृहस्थ. तो असत्य मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे निर्बंध आला की, नोंदणी न केलेल्याला नवा लेख सुरू करता येणार नाही. दोष प्रकट झाला तेव्हा नियम झाला. जेतवनात सांगितले होते ते अक्षरशः घडले. याच रीतीने एकापाठोपाठ एक नियम येत गेले. दोघांनी एकमेकांचे लेखन खोडीत बसू नये म्हणून किती वेळा खोडता येईल याची मर्यादा २००४ मध्ये आली. तंटे मिटविण्यासाठी लवादाची समिती त्याच वर्षी काम करू लागली. प्रत्येक नियमामागे एक खरी जखम होती, ही गोष्ट नियमांना हसणाऱ्याने विसरू नये.

२००७ च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला पाच किंवा अधिक संपादने करणाऱ्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. त्यानंतर ती उतरू लागली आणि सहा-सात वर्षांत तीस हजारांच्या आसपास येऊन मग स्थिरावली. वाचणारे वाढत होते, लिहिणारे घटत होते. आरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०१३ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील निष्कर्ष गंभीर आहे. नवागतांची प्रत घसरली म्हणून हे झाले नाही. सद्भावनेने लिहिणारे नवागत पूर्वीप्रमाणे येतच होते. पण त्यांचे पहिलेच लेखन पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वेळा खोडले जाऊ लागले होते, आणि ज्याचे पहिले लेखन असे खोडले गेले तो बहुधा परत येत नसे. खोडण्याचे काम झपाट्याने व्हावे म्हणून यंत्रसाधने तयार झाली होती, आणि निरोपही आधीच लिहून ठेवलेले जात. पाटीच ती; फक्त आता ती माणसाच्या अंगावर येऊन पडत होती.

मग हे खोडणारे दुष्ट होते काय? तसे म्हणणे हा मोठा अन्याय होईल. रात्र रात्र जागून शिव्या, थट्टा, जाहिराती आणि असत्य पुसून काढणारे हेच लोक होते, आणि त्यासाठी त्यांना कोणी वेतन देत नव्हते. सीगेंथेलरसारखा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून ते पहारा देत होते. परंतु पहाऱ्याचा एक परिणाम पहारेकऱ्यावरही होतो. ज्याने शंभर चोर पाहिले त्याला एकशे एकावा मनुष्य दारात उभा राहिला की चोरच दिसतो. हातात दंड असतो, डोळ्यांत झोप असते, आणि समोरचा मनुष्य वाट विचारीत आहे की घर फोडीत आहे हे पाहण्याइतका धीर उरलेला नसतो. येथे पाप करण्याची इच्छा कोठेच नाही. तरी अन्याय मात्र रोज होतो. धर्माचा विचार करणाऱ्याला अशीच स्थळे कठीण जातात.

वाढीबरोबर वय आले म्हणजे आणखी एक गोष्ट होते. जे आधी आले त्यांनी नियम लिहिले. जे मागून आले त्यांच्या वाट्याला ते पाळणे तेवढे उरले. वरील अभ्यासात हेही आढळले की जुने नियम बदलणे दिवसेंदिवस कठीण होत गेले, आणि नवागतांनी त्यांत काही सुचविले तर ते बहुधा नाकारले जाई. नियम करणारांना त्याचे कारण ठाऊक असते, म्हणून ते प्रसंगी त्याला मुरडही घालतात. ज्याला नियम आयता मिळाला तो त्याच्या अक्षरालाच धरून बसतो, कारण त्याच्याजवळ दुसरे काही नसते. आपल्या स्मृतिकारांना हा धोका ठाऊक होता. पराशरस्मृतीत युगपरत्वे धर्म निराळे सांगितले आहेत, आणि त्या स्मृतीचाच आधार घेऊन ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये विधवाविवाहाचा पक्ष मांडला. पुढच्याच वर्षी तसा कायदा झाला. विद्यासागर हे शास्त्र मोडणारे नव्हते, शास्त्र पोटात घेतलेले पंडित होते. नियमाचा अभिप्राय ज्याला कळतो त्यालाच तो बदलण्याचा अधिकार येतो. मग नवागताला तो अभिप्रायच न सांगणे म्हणजे त्याला कायमचे अनधिकारी ठेवणे नव्हे काय?

येथून मूळ प्रश्नाकडे वळता येते. संघ कोणाचा? जुने सभासद म्हणतात, आम्ही तो रक्ताचे पाणी करून उभा केला. हे खरे आहे. नवे म्हणतात, उद्या तो आम्हालाच चालवावयाचा आहे. हेही खरे आहे. पण दोघेही त्याला आपली मालमत्ता समजून बोलतात, आणि ज्येष्ठतेचा मोठा मोह येथेच आहे. घर, शेत, द्रव्य यांवरील ममत्व मनुष्याला ओळखू येते. कारण शास्त्रे त्याविषयी सतत सावध करीत असतात. सत्कार्यावरील ममत्व ओळखू येत नाही. त्याला निष्ठा, शिस्त, परंपरेचे रक्षण अशी गोड नावे मिळतात. देवळाचा सभामंडप झाडणारा सेवेकरी वीस वर्षांनी भाविकांच्या पायांच्या धुळीवर संतापू लागतो. झाडणे खरे असते, संतापही खरा असतो, पण मंडप ज्या पायांसाठी बांधला त्यांचाच त्याला विसर पडलेला असतो.

जुन्या सभासदाजवळ अधिकारापेक्षा ऋण अधिक असते. तोही एके दिवशी काही न कळता आला होता. त्याचाही पहिला लेख वेडावाकडा होता, त्यानेही नको तेथे नको ते विचारले होते, आणि कोणीतरी ते सोसून घेतले होते. ते ऋण त्या माणसाला परत करता येत नाही, कारण तो पुष्कळदा निघून गेलेला असतो. आपल्या धर्मात पितरांचे ऋण पितरांना परत करण्याची सोय नाही. ते पुढच्या पिढीद्वारा फेडावे लागते. सोसून घेतल्याचे ऋणही तसेच, पुढच्याला सोसून घेऊन फेडावयाचे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञात्याला जो उपदेश आहे त्याचा रोख असाच आहे: अज्ञ मनुष्य श्रद्धेने काम करीत असेल तर त्याचा बुद्धिभेद करू नये, स्वतः नीट आचरण करून त्याला कामात लावावे. एका कोऱ्या वाक्याने कोणाचे पहिले काम पुसून टाकणे हा बुद्धिभेदाचाच प्रकार आहे. त्या मनुष्याला त्याची चूक कळत नाही. आपण येथे नको आहोत एवढेच त्याला कळते.

कोणी म्हणेल, हा उपदेश बाराजणांच्या घरात ठीक आहे, लक्षावधींच्या समुदायात प्रत्येकाला हाताला धरून कोण नेणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पुन्हा विनयग्रंथातच सापडते. महावग्गात सांगितले आहे की, संघ वाढू लागला तेव्हा नवे भिक्षू कोणी मार्गदर्शक नसल्यामुळे वस्त्रे नीट न नेसता भिक्षेला जात, लोक जेवत असताना त्यांच्यापुढे पात्र धरीत, भोजनशाळेत गलबला करीत. आणि लोक नावे ठेवू लागले. त्यावर नुसते अमुक करू नये, तमुक करू नये असे सांगून काम भागविले गेले नाही. प्रत्येक नव्या भिक्षूला एक उपाध्याय असावा असे ठरले. उपाध्यायाने शिष्याला पुत्रासमान मानावे आणि शिष्याने उपाध्यायाला पित्यासमान. शिष्याने गुरूची सेवा करावी हे तर कोणीही सांगेल; पण तेथे शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याला दंतकाष्ठ द्यावे, पाणी द्यावे, पेज द्यावी, अशीही कर्तव्ये तपशिलाने सांगितली आहेत. पुढे असेही ठरले की दहा वर्षे न झालेल्याने आणि योग्यता नसलेल्याने दुसऱ्याला उपसंपदा देऊ नये. म्हणजे ज्येष्ठता हा मान होता, त्याहून अधिक ते काम होते. दहा वर्षे झाली की पेज करावी लागे.

विकिपीडियाच्या लोकांनाही शेवटी असेच काही सुचले. 'नवागतांना चावू नका' या अर्थाचे एक मार्गदर्शक सूत्र तेथे फार पूर्वीपासून लिहिलेले होते. पण सूत्र लिहिले म्हणून चावणे थांबत नाही. २०१२ मध्ये तेथे टीहाउस, म्हणजे चहाची जागा, या नावाचे एक स्थान सुरू झाले. नवागताने तेथे यावे, कितीही साधा प्रश्न विचारावा आणि जाणत्याने सौम्यपणे उत्तर द्यावे, एवढाच त्याचा उद्देश. ज्यांना तेथे येण्याचे निमंत्रण मिळाले ते इतरांपेक्षा अधिक प्रमाणात टिकून राहिले, असे पुढे २०१८ मधील एका अभ्यासात दिसून आले. फरक फार मोठा होता असे नाही. परंतु नियम एकही न बदलता केवळ एका निमंत्रणाने काही माणसे राहिली.

नवागताचेही कर्तव्य आहेच, आणि आजच्या काळात ते सांगणे थोडे अप्रिय असले तरी सांगितले पाहिजे. परक्या घरी जाताना मनुष्य जोडा बाहेर काढतो. यजमानाने सांगण्याची वाट पाहत नाही. बोलण्यापूर्वी काही काळ ऐकावे, आधीचे उत्तर शोधावे, टोकले असता अपमान समजू नये. परंतु दोघांची कर्तव्ये एका तराजूत घालता येत नाहीत. नवागत चुकतो तो न कळून. जुना चुकतो तो कळून, निदान कळण्याजोगा असून. ज्याला कळते त्याच्याकडून शास्त्रे नेहमी अधिक मागतात.

काही समुदायांनी दार अरुंद करण्याचा मार्ग धरला. १९९९ मध्ये निघालेल्या मेटाफिल्टर या समुदायाने पुष्कळ काळ नवे सभासद घेणे थांबविले होते आणि २००४ पासून पाच डॉलर घेऊन प्रवेश देण्यास सुरुवात केली. त्यात लोभ नव्हता; येणाऱ्याने उंबऱ्यावर क्षणभर थांबावे एवढाच हेतू होता, आणि त्याने चर्चेची प्रत पुष्कळ राखली गेली. वर्षातून एकच सून आणण्याचा हा प्रकार शहाणपणाचा आहे. मात्र दार अरुंद केल्याने वाढ मंदावते, वय थांबत नाही. जुनी माणसे आणखी जुनी होतात, एकमेकांचे बोलणे वाक्य पुरे होण्याआधीच ओळखतात, आणि वीस वर्षांपूर्वीची भांडणे तारीखवार आठवतात.

आणि ही जुन्या-जुन्यांची भांडणे नवागतांच्या गलबल्यापेक्षा अधिक घातक असतात. कौशांबीची कथा प्रसिद्ध आहे. तेथे एक भिक्षू धर्माचे प्रवचन करणारा होता, दुसरा विनयाचा जाणकार होता. अट्ठकथेत सांगितले आहे की, शौचकूपात पाण्याचे भांडे वापरल्यावर प्रवचनकार भिक्षूने त्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले. विनयधराने विचारले, हा दोष आहे हे ठाऊक नाही काय? तो म्हणाला, ठाऊक नव्हते, दोष असेल तर कबूल करतो. विनयधर म्हणाला, नकळत झाले असेल तर दोष नाही. येथे गोष्ट संपावयाची. पण विनयधराने आपल्या शिष्यांना सांगितले की, दोष केला तरी त्या गृहस्थाला समजत नाही. शिष्यांनी ते दुसऱ्याच्या शिष्यांना ऐकविले. त्यांनी आपल्या गुरूला सांगितले. भांड्यातील ओंजळभर पाण्यावरून संघ दुभंगला. स्वतः बुद्ध समजूत घालावयास गेले, तर एक भिक्षू त्यांना म्हणाला की, भगवंतांनी स्वस्थ असावे, या कलहाचे आम्ही पाहून घेऊ. ज्याने संघ स्थापिला त्यालाच बाजूस व्हावयास सांगण्याइतका तो संघ वयस्क झाला होता! बुद्ध पात्र-चीवर घेऊन एकटे निघाले, पारिलेय्यकाच्या वनात राहिले आणि तेथून पुढे श्रावस्तीला गेले.

पुढे जे झाले त्यात विद्वानांचा हात नव्हता. कौशांबीच्या गृहस्थांनी आपसांत ठरविले की, या भिक्षूंमुळे भगवान निघून गेले, तेव्हा यांना वंदन करावयाचे नाही, यांच्यासाठी उठावयाचे नाही, यांना भिक्षा घालावयाची नाही. जे कोणत्याही वादात नव्हते, ज्यांना विनयाचा एक पाठही येत नव्हता, त्यांनी पळी खाली ठेवली आणि संघाला तो कोणामुळे उभा आहे ते आठवले. कलह करणारे श्रावस्तीला निघाले.

ते येत आहेत असे कळताच अनाथपिंडिक बुद्धांकडे गेला आणि आपण त्यांच्याशी कसे वागावे असे विचारू लागला. विशाखेनेही तेच विचारले. दोघांना एकच उत्तर मिळाले: दोन्ही पक्षांना दान द्यावे, दोन्ही पक्षांचे धर्मवचन ऐकावे, आणि जे धर्माला धरून बोलतील त्यांचे मत मानावे. मग सारिपुत्रांनी त्यांच्या राहण्याची सोय कशी करावी ते विचारले. त्यांना निराळी, मोकळी जागा द्यावी, असे सांगण्यात आले. मोकळी नसेल तर मोकळी करून द्यावी. आणि अन्नाचे? ते सर्वांना सारखेच वाटावे.